काव्यपुरुषाचे वऱ्हाड

कवितेचा उत्सव कसा साजरा करावा, हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास निघतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनानिमित्त मराठी भाषा गौरव दिन येतो. त्यापाठोपाठ २१ मार्चला, युनेस्कोने १९९९ साली मुक्रर केलेला, जागतिक कविता दिन येतो. महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे जागी होतात, भित्तिपत्रके लागतात, काव्यवाचनाच्या स्पर्धा होतात, निमंत्रितांचे कविसंमेलन होते, शाल-श्रीफळ होते आणि आभारप्रदर्शनानंतर सतरंज्या गुंडाळल्या जातात. अशा कार्यक्रमांचे आम्ही श्रोते होतो, काही वेळा आयोजकही होतो. त्यांची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र सतरंज्या गुंडाळल्यावर त्या कवितांचे पुढे काय होते, हे विचारण्याची सवय आपल्याला फारशी नाही.

हा प्रश्न इतिहासाला विचारावयाचा झाला, तर महाराष्ट्रात त्यासाठी वाशिम जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आज वर्तमानपत्रांत येतो तो बहुधा सोयाबीनच्या भावामुळे, नाहीतर पावसाच्या ओढीमुळे. परंतु कवितेचा सन्मान करण्याच्या ज्या निरनिराळ्या रीती भारतात निपजल्या, त्यांपैकी किमान तीन-चार या एका जिल्ह्याच्या भूमीशी निगडित आहेत. त्यांतली कोणती रीत कवितेला तारून गेली आणि कोणती नाही, याचा निवाडाही येथेच झालेला आहे.

एक लग्न

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या आश्रमाशी या नावाचा संबंध लावणारी स्थलकथा सर्वपरिचित आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र वत्सगुल्माची दुसरी एक कथा ठाऊक असावयास हवी. ती राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायात येते.

राजशेखर हा इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभी कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात होता. परंतु त्याचे यायावर घराणे महाराष्ट्राशी नाते सांगणारे. तो सांगतो ती कथा अशी : सरस्वतीने पुत्रासाठी हिमालयात तप केले आणि तिला काव्यपुरुष झाला. शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, संस्कृत त्याचे मुख, प्राकृत त्याचे बाहू, रस हा त्याचा आत्मा. पुढे एकदा ब्रह्मदेवाच्या सभेला निघालेल्या सरस्वतीने त्याला बरोबर नेण्याचे नाकारले, तेव्हा तो रुसून निघून गेला. त्याला परत आणावे कसे? प्रेमावाचून दुसरे बंधन नाही, असा विचार करून गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागोमाग धाडले.

मग हे विलक्षण वऱ्हाड देशोदेशी फिरते. पुढे रुसलेला वर, त्याच्या मागे वधू आणि त्यांच्या मागे त्यांची स्तुती गाणारे मुनी. पूर्वेकडे साहित्यविद्येने जो वेष केला, जे नृत्य केले, ते तेथल्या स्त्रियांनी उचलले. पण काव्यपुरुष वश झाला नाही, आणि तो तेथे समासांनी लांबलेले जे बोलला ती गौडी रीती झाली. पांचालात तो थोडा विरघळला, तेथे पांचाली रीती झाली. अवंतीमार्गे दोघे दक्षिणेत आली. तेथे मात्र तो पुरता तिचा झाला, आणि त्याच्या मुखातून जी सहज, समासांच्या ओझ्यावाचूनची वाणी निघाली ती वैदर्भी. विदर्भात, मदनाचे क्रीडास्थान म्हणून राजशेखर ज्याचा गौरव करतो त्या वत्सगुल्म नगरात, दोघांचा गांधर्व विवाह झाला.

वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी आणि वऱ्हाड म्हणजे हा प्रांत. मराठीतला हा योगायोग राजशेखराला ठाऊक असण्याचे कारण नाही; आपल्याला मात्र तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. काव्य आणि काव्याची विद्या, म्हणजे कविता आणि तिचा अभ्यास, यांचे लग्न एका लेखकाने नकाशावर दाखविता येईल अशा एका गावी लावून दिले, आणि ते गाव आपल्या वाशिमचे निघाले. ही निव्वळ कल्पना नव्हे. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकाच्या आरंभी रीतींमध्ये ‘वच्छोमी’ रीतीचे नाव येते. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. एखाद्या गावाच्या नावाने काव्याची रीत ओळखली जावी, इतकी त्या गावाची काव्यक्षेत्रात पत होती. ती आली कोठून, हे पाहू गेल्यास आपल्याला सहा शतके मागे जावे लागते.

एक राजा आणि त्याचे हरवलेले काव्य

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्याचे राज्य विभागले गेले. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करू लागली. दुसरी, प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने इसवी सनाच्या चौथ्या शतकात वत्सगुल्मी स्थापिली. १९३९ साली प्रकाशात आलेल्या वाशिमच्या ताम्रपटाने या शाखेची वंशावळ स्पष्ट केली. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याच्या ३७व्या राज्यवर्षाचा हा लेख आहे. त्यातला वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, पुढचा दानाचा भाग प्राकृतात आहे. पूर्वजांची थोरवी संस्कृतात आणि जमिनीचा व्यवहार लोकांच्या भाषेत, ही वाटणी भाषेच्या अभ्यासकांनी जरूर पाहावी.

या राजा सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे महाकाव्य रचले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी काव्यशास्त्रातला सर्वसेन आणि वत्सगुल्माचा वाकाटक सर्वसेन एकच, असे प्रतिपादन केले आणि ते अभ्यासकांनी मान्य केले आहे. ‘गाथासप्तशती’तील काही गाथाही टीकाकारांच्या परंपरेने सर्वसेनाच्या नावावर आहेत. ‘हरिविजया’चा विषय पारिजातहरणाचा : रुसलेल्या सत्यभामेची समजूत घालण्यासाठी श्रीकृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो. रुक्मिणी विदर्भाची लेक. आणि विदर्भाच्या राजाने आपल्या काव्याचे केंद्र केले ते तिच्या सवतीच्या रुसव्याला. कवीला माहेरचा अभिमान आड येत नाही तो असा.

या काव्याला जो मान मिळाला तो कोणत्याही कवीने हेवा करावा असा आहे. नवव्या शतकात काश्मीरचा आनंदवर्धन ‘ध्वन्यालोका’त एक मूलगामी मुद्दा मांडतो : परंपरेने आलेले कथानक रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ते बदलावे, कारण कथा सांगून टाकणे एवढेच कवीचे काम नव्हे. याच्या उदाहरणांत तो कालिदासाच्या कृतींच्या पंक्तीला सर्वसेनाचे ‘हरिविजय’ बसवितो. प्रियेच्या मनधरणीचे अंग म्हणून पारिजातहरण रंगविणे ही इतिहासपुराणांत नसलेली, कवीची स्वतःची योजना होय, असा खुलासा पुढे अभिनवगुप्त करतो. कुंतक सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतो. माळव्याचा भोज त्याच्या काव्यातून पद्यामागून पद्ये उद्धृत करतो. गुजरातचा हेमचंद्र बाराव्या शतकात त्याची दखल घेतो.

आणि तरीही आज ‘हरिविजय’ उपलब्ध नाही. त्याचे एकही संपूर्ण हस्तलिखित हाती आलेले नाही. राजाने लिहिलेले, राजधानीत गाजलेले, काश्मीरपासून गुजरातपर्यंत वाखाणलेले हे काव्य कालौघात नाहीसे झाले.

याच्या शेजारी दुसऱ्या शाखेचे उदाहरण ठेवून पाहावे. नंदिवर्धनाच्या वाकाटकांपैकी दुसरा प्रवरसेन याचे ‘सेतुबंध’ हेही महाराष्ट्री प्राकृतातलेच महाकाव्य, आणि तेही राजाचेच. ते आज समग्र वाचता येते. बाणाने त्याची स्तुती केली, कंबोडियातल्या यशोवर्म्याच्या संस्कृत शिलालेखापर्यंत त्याची कीर्ती पोहोचली. पण त्याहून महत्त्वाचे हे की, त्यावर टीकाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या टीका लिहिल्या. अकबराच्या काळातही रामदासाला त्यावर ‘रामसेतुप्रदीप’ लिहावासा वाटला. टीका लिहावयाची तर मूळ उतरून घ्यावे लागते. शिकवावयाचे तर विद्यार्थ्याच्या हाती प्रत द्यावी लागते. कीर्ती दोघांनाही मिळाली. प्रतींचे भाग्य मात्र एकालाच लाभले.

सोळा खांबांची सभा

गंमत अशी की, या दुर्दैवाचे निदान ज्या ग्रंथात वत्सगुल्मीच्या विवाहाची कथा आहे त्याच ग्रंथात सापडते. ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात राजशेखराने राजाने काव्याचा गौरव कसा करावा, याचा जो आराखडा दिला आहे, तो आजच्या कोणत्याही संमेलनाच्या संयोजकाला लाजवील. राजाने काव्यपरीक्षेसाठी सोळा खांबांची, चार दारांची सभा बांधावी. मध्यभागी हातभर उंचीच्या वेदीवर राजाचे आसन असावे. त्याच्या उत्तरेस संस्कृत कवी बसावेत, पूर्वेस प्राकृत कवी, पश्चिमेस अपभ्रंशाचे कवी आणि दक्षिणेस भूतभाषेचे, म्हणजे पैशाचीचे. एवढ्यावर तो थांबत नाही. प्राकृत कवींच्या पलीकडे नट, नर्तक, गायक, वादक. अपभ्रंश कवींच्या पलीकडे चित्रकार, सोनार, सुतार, लोहार. पैशाचीच्या कवींपलीकडे डोंबारी, जादूगार आणि मल्ल. परीक्षेत उतरणाऱ्यांना ब्रह्मरथातून मिरवावे, त्यांना पट्टबंध करावा. उज्जयिनीत कालिदास, भारवी आदींची अशीच परीक्षा झाल्याची ऐकीव हकीकतही तो नोंदवितो.

या बैठकव्यवस्थेत उच्चनीचतेची उतरंड आहे, हे उघड आहे. तरीही चार भाषांचे कवी एका छपराखाली असावेत आणि लोहार-सुतारांना कवींच्या शेजारी जागा असावी, ही कल्पना हजार वर्षांपूर्वीची आहे, हे विसरता येत नाही.

पण आमच्या मते या अध्यायातला खरा मोलाचा उपदेश सभेच्या वर्णनाआधीच येऊन जातो, आणि तो थाटामाटाचा नाही. कवीची दिनचर्या सांगताना राजशेखर म्हणतो की, ग्रंथ सिद्ध झाला की त्याच्या अनेक प्रती कराव्यात. का? तर ग्रंथ नष्ट होण्याची कारणे पुष्कळ आहेत : तो कोणाकडे ठेव म्हणून ठेवला जातो, विकला जातो, देऊन टाकला जातो, कवी देश सोडून जातो किंवा अल्पायुषी ठरतो, आग लागते, पाणी शिरते. त्याच ग्रंथात अन्यत्र तो हेही नोंदवितो की, कोणाचे काव्य कवीच्या घरातच राहते, कोणाचे मित्रांच्या घरापर्यंत जाते, आणि क्वचित एखाद्याचे सामान्यांच्या तोंडोतोंडी जगभर हिंडते. म्हणजे सभेचा आराखडा काढणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक होते की, मिरवणूक कवीची निघते. काव्य तगते ते दुसऱ्या प्रतीवर.

राजशेखराच्या स्वतःच्या ग्रंथाची गतही हेच सांगते. ‘काव्यमीमांसा’ अठरा अधिकरणांची योजिली होती. आपल्या हाती आले आहे ते पहिले अधिकरण. तेही छापले गेले १९१६ साली, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून, चि. डा. दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री यांच्या संपादनाने. त्याआधी वाशिमला काव्याचे लग्न लागले होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

कारंज्याची कपाटे

आता त्याच जिल्ह्यातील कारंजा येथे येऊ. कारंजा लाड ही जुनी व्यापारी पेठ. येथे दिगंबर जैनांच्या बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आहेत आणि त्यांच्याबरोबर हस्तलिखितांचे भांडारही. या भांडाराने कवितेचा सन्मान ज्या रीतीने केला, तिच्यात राजा नाही, परीक्षा नाही, रथ नाही. येथे आहे शास्त्रदान.

जैन परंपरेत व्रताचे उद्यापन करताना एखाद्या ग्रंथाची प्रत लिहवून घेऊन ती मुनींना किंवा मंदिराला देण्याचा प्रघात होता. ग्रंथाच्या अखेरीस प्रशस्ती असते : कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाच्या वतीने ही प्रत लिहिली गेली. दाते बहुधा व्यापारी कुटुंबांतले, अनेकदा स्त्रिया. आपल्या ज्ञानावरचे आवरण दूर व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा. लेखनिकाचीही विनवणी कधी जोडलेली असते : पाठ, मान मोडून हे लिहिले आहे, जपून ठेवा.

या रीतीला एक सणही आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. षट्खंडागम ग्रंथारूढ झाल्याचे स्मरण म्हणून त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढतात, झाडतात, नवी वेष्टने बांधतात, त्यांची पूजा करतात. तिथीकडे जरा लक्ष द्यावे. विदर्भात पाऊस तोंडावर आला असताना, वाळवी आणि ओल यांच्या आधी, वर्षातून एकदा प्रत्येक पोथी माणसाच्या हाताखालून जाते. उत्सव आणि निगा यांची इतकी चोख सांगड दुसरीकडे क्वचितच दिसेल.

तिचे फळ विसाव्या शतकात दिसले. त्या काळी अपभ्रंश वाङ्मय जवळजवळ अज्ञात होते. जर्मन पंडित याकोबी यांनी १९१८ साली म्युनिकहून ‘भविसत्तकहा’ प्रसिद्ध केली; तिचीच भारतीय आवृत्ती दलाल आणि डॉ. पां. दा. गुणे यांच्या संपादनाने १९२३ साली बडोद्याहून निघाली. अशा वेळी १९२६ साली नागपुरास रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली गेली आणि कारंज्याच्या कपाटांत काय आहे ते जगाला कळले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ते काम पुढे नेले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ आले, १९३३ साली हिरालाल जैन यांचे ‘णायकुमारचरिउ’. दोन्ही काव्ये पुष्पदंताची. दहाव्या शतकातला हा स्वाभिमानी कवी राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिला, तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत आणि त्याचा पुत्र नन्न यांच्या आश्रयाने लिहिता झाला. ९७२ साली परमारांनी मान्यखेट लुटले. राजधानी गेली, राज्य गेले. कवीचा शब्द मात्र राहिला. महाराष्ट्री प्राकृत आणि मराठी यांच्यामधला जो पूल आपल्याला दिसत नव्हता, त्याचे काही खांब या प्रकाशनांनी उभे केले.

या चित्राला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकू नये. ज्यांनी पोथ्या जपल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना अपभ्रंश वाचता येणे केव्हाच थांबले होते. पूजा चालू होती, वाचन बंद होते. एका अर्थी काव्यपुरुष कपाटात सुखरूप होता, साहित्यविद्या मात्र त्याला सोडून गेली होती. ती परत आली ती प्राध्यापकांच्या पावलांनी. ‘हरिविजया’ची गोष्ट नेमकी उलट : तेथे विद्या राहिली, काव्य गेले. त्या काव्याची जी पद्ये आज आपल्याकडे आहेत ती आनंदवर्धन, भोज यांनी उदाहरणे म्हणून दिली म्हणून. भोजाच्या ग्रंथांतून ती वेचून काव्याची रूपरेषा जुळविण्याचे काम वा. म. कुलकर्णी यांनी केले. दोन्ही गोष्टींचे तात्पर्य राजशेखराच्या कथेतच आहे. दोघांपैकी एकाला एकटे ठेवले की कोणीतरी रुसतेच.

तोंडोतोंडी

लेखनाबाहेरच्या रीतीही या जिल्ह्यात आहेत. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र सांगणारे ‘गुरुचरित्र’ हे ओवीबद्ध काव्य आहे, आणि सात दिवसांच्या पारायणात ते आरंभापासून अखेरपर्यंत वाचले जाते. हेतू धार्मिक, नियम कडक, आणि स्त्रियांनी ते वाचू नये हा जुना निर्बंध आज कोणालाही खटकावा असा. तथापि, एखादे दीर्घ काव्य सलग, मोठ्याने, दरवर्षी वाचण्याची शिस्त आपल्या कोणत्या अभ्यासक्रमात उरली आहे? मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. पण होळीच्या सुमारास तांड्यांत डफावर लेंगी गायिली जाते आणि नवी पिढी ती ऐकत, नाचत, पाठ करते. येथे मनुष्य हीच प्रत, आणि होळी हाच प्रती काढण्याचा दिवस.

उत्सवाचा अर्थ

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनत्वाचा विचार महाराष्ट्री प्राकृतावाचून, पर्यायाने ‘गाथासप्तशती’ आणि सर्वसेनासारख्या कवींवाचून होऊ शकत नाही. दर्जाचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु दर्जा हा पट्टबंध आहे, ब्रह्मरथ आहे. सर्वसेनाला याहून मोठा मान मिळाला होता.

म्हणून कवितेच्या उत्सवाविषयी विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही नवे काही सुचवीत नाही. वाशिम जिल्ह्याने आधीच करून पाहिलेलेच सांगतो. वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाने एक कविता स्वतःच्या हाताने उतरून आणावी, खाली कवीचे नाव, मूळ संग्रह, आपले गाव आणि तारीख लिहावी आणि ती शेजाऱ्याला द्यावी. कोणा एका कवीचा एक संग्रह सात दिवसांत, रोज तासभर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचावा. ग्रंथालयातली कवितेची कपाटे पावसाळ्यापूर्वी एकदा उघडावीत, पुस्तके झाडावीत आणि झाडताना प्रत्येकातली एक कविता वाचल्याखेरीज ते परत ठेवू नये. शिक्षकांनी अलंकार शिकविताना पाठ्यपुस्तकातले तेच ते उदाहरण सोडून आपल्या भागातल्या विस्मृत कवीचे उदाहरण द्यावे. कारण कधी कधी कवीचे तेवढेच उरते, हे ‘हरिविजया’ने दाखविले आहे.

आणि वाशिमच्या एखाद्या महाविद्यालयाने एका संध्याकाळी ‘हरिविजया’ची उरलेली पद्ये, मराठी अर्थासह, तेथेच वाचून दाखवावीत. त्यासाठी सोळा खांबांची सभा लागत नाही. एक वर्ग, पंधरा-वीस श्रोते आणि प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत, एवढे पुरे.